कठोर कायदा आणि जागी संसद

(एका व्याख्यानमालेत ‘संसद, राष्ट्रीय सुरक्षा आणि मानवाधिकार’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



इस्लाम, राष्ट्रीय सुरक्षा आणि मानवाधिकार या तीन शब्दांपैकी कोणताही एक उच्चारला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एका तटाला सुरक्षेचा उच्चारच संशयास्पद वाटतो, दुसऱ्या तटाला मानवाधिकार म्हटले की कपाळावर आठी पडते. अशा विषयावर केवळ मतप्रदर्शन करून उपयोग नाही. म्हणून आज मी एका संसदेचा अनुभव आपल्यापुढे ठेवणार आहे आणि मग तो आपल्या घराशी ताडून पाहणार आहे. ती संसद ब्रिटनची. तिची निवड करण्याचे कारण एवढेच की, आपली संसदीय पद्धती, आपले फौजदारी कायदे आणि बिनाचौकशी स्थानबद्धतेची आपली कल्पना या तिन्ही गोष्टींची मुळे तेथे आहेत. शिवाय, मी सांगणार असलेल्या कथेची सुरुवात एका अर्थी भारतापासूनच होते.

चहल खटल्याची गाठ

१९९० साली ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी करमजितसिंग चहल या शीख फुटीरतावादी नेत्याला राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव भारतात परत पाठविण्याचा निर्णय घेतला आणि त्याला अटकेत ठेवले. प्रकरण स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. १९९६ साली त्या न्यायालयाने निकाल दिला की, ज्या देशात छळाचा खरा धोका आहे तेथे कोणालाही पाठविता येणार नाही. मग तो माणूस कितीही धोकादायक असो. चहल सहा वर्षांनी सुटला. भारतीय म्हणून आपल्याला हा निकाल रुचणारा नाही. पण त्यातून जी गाठ पडली ती नीट समजून घ्यावी लागेल. परदेशी संशयित आहे, त्याच्यावर खटला भरण्याइतका पुरावा न्यायालयात मांडता येत नाही आणि त्याला मायदेशी धाडताही येत नाही. त्याचे करायचे काय?

११ सप्टेंबर २००१ नंतर ब्रिटिश सरकारने या प्रश्नाला सरळ उत्तर दिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने अशा परदेशी संशयितांना मुदतीविना स्थानबद्ध ठेवण्याचा अधिकार गृहमंत्र्यांना मिळाला. संशयित बेलमार्श तुरुंगात गेले. तीन वर्षांनी, १६ डिसेंबर २००४ रोजी, ‘हाउस ऑफ लॉर्ड्स’च्या न्यायाधीशांनी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ही तरतूद मानवाधिकारांशी विसंगत ठरवली. त्यांचा मुख्य मुद्दा भावनेचा नव्हता, तर्काचा होता. धोका जर परदेशी आणि ब्रिटिश अशा दोन्ही प्रकारच्या माणसांकडून असेल, तर केवळ परदेश्यांना कोंडून राष्ट्र सुरक्षित कसे होणार?

हा प्रश्न त्या वेळी अनेकांना वकिली वाटला. सात महिन्यांनंतर, ७ जुलै २००५ रोजी, लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये स्फोट झाले. ५२ निरपराध माणसे मारली गेली. स्फोट घडविणाऱ्या चौघांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले आणि वाढलेले होते. परदेश्यांसाठी बांधलेली भिंत कितीही उंच असली, तरी जिहादी विचारसरणी भिंतीच्या आतच घर करून बसली होती. आणि स्फोटातील मृतांमध्ये मुसलमानही होते, हेही विसरता कामा नये.

एका रात्रीची बैठक

ब्रिटनमध्ये न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही. तो विसंगत आहे एवढेच घोषित करू शकते. पुढचे काम संसदेचे. म्हणून फेब्रुवारी २००५ मध्ये, म्हणजे स्फोटांच्या चार महिन्यांहून थोडे अधिक आधी, सरकारने नवे विधेयक आणले. संशयिताला तुरुंगात न ठेवता त्याच्या हालचालींवर, भेटीगाठींवर, दूरध्वनीवर कडक निर्बंध घालायचे, अशी त्याची योजना होती. वाद उभा राहिला तो हे निर्बंध कोणी घालायचे यावर. मंत्र्याने की न्यायाधीशाने?

१० मार्चच्या सकाळी सुरू झालेली बैठक ११ मार्चच्या संध्याकाळपर्यंत, तीस तासांहून अधिक काळ चालली. विधेयक एका सभागृहातून दुसऱ्या सभागृहात आणि तेथून परत, असे रात्रभर फिरत राहिले. अखेर तडजोड झाली. न्यायालयाचा सहभाग वाढला आणि कायदा दर वर्षी संसदेपुढे नूतनीकरणासाठी आणणे बंधनकारक झाले. पुढे २०११ मध्ये हे निर्बंध बदलून सौम्य स्वरूपाची नवी व्यवस्था आली, तोपर्यंत प्रत्येक वर्षी गृहमंत्र्याला सभागृहात उभे राहून हा अधिकार अजूनही का हवा, ते सांगावे लागले.

नव्वद दिवसांचा प्रश्न

जुलैमधील स्फोटांनंतर पोलिसांनी मागणी केली की, दहशतवादाच्या संशयिताला आरोप ठेवण्यापूर्वी १४ दिवस कोठडीत ठेवता येते ते पुरेसे नाही. ९० दिवस द्या. त्यांची कारणे पोकळ नव्हती. संगणकातील कूटबद्ध मजकूर उलगडण्यास वेळ लागतो, तपासाचे धागे चार देशांत जातात, दुभाषे मिळत नाहीत. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी ही मागणी आपल्या प्रतिष्ठेचा प्रश्न केला.

९ नोव्हेंबर २००५ रोजी मतदान झाले. ३२२ विरुद्ध २९१ मतांनी सरकार हरले. पंतप्रधान झाल्यापासून ‘हाउस ऑफ कॉमन्स’मध्ये ब्लेअर यांचा तो पहिला पराभव होता आणि त्यांच्याच पक्षाच्या ४९ सदस्यांनी विरोधात मत दिले होते. स्फोटांना जेमतेम चार महिने झालेले. जनमत कठोर उपायांच्या बाजूचे. तरीही सभागृहाने ९० नाकारून २८ दिवस दिले, आणि तेही दर वर्षी नूतनीकरणाच्या अटीवर.

हे धैर्य कोठून आले? त्याचे एक उत्तर आयर्लंडमध्ये आहे. ऑगस्ट १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडात सरकारने बिनाचौकशी स्थानबद्धतेचा प्रयोग केला. पहिल्याच दिवशी तीनशेहून अधिक लोकांना उचलले. माहिती जुनी, याद्या चुकीच्या. असंख्य निरपराध कॅथलिक तरुण आत गेले आणि खरे हल्लेखोर बाहेर राहिले. हिंसाचार थांबण्याऐवजी भडकला आणि आयरिश रिपब्लिकन आर्मीला नव्या तरुणांची भरती आयतीच मिळाली. १९७५ च्या अखेरीस तो प्रयोग गुंडाळावा लागला. ज्या समाजातून पोलिसांना माहिती मिळायची, तोच समाज गप्प झाला तर तपास आंधळा होतो, हा धडा त्या संसदेने रक्त सांडून शिकलेला होता.

श्रद्धा आणि माणूस

याच सुमारास आणखी एक विधेयक संसदेपुढे होते आणि ते थेट आपल्या आजच्या विषयाला भिडते. ब्रिटनमध्ये वंशद्वेष पसरविणे हा गुन्हा होता. ज्यू आणि शीख यांना वंश म्हणून न्यायालयांनी मान्यता दिली होती. शिखांना ती १९८३ सालच्या पगडीच्या खटल्यात मिळाली. मुसलमान आणि हिंदू हे अनेक वंशांचे, म्हणून त्यांना हे संरक्षण नव्हते. सरकारने धार्मिक द्वेषाचाही गुन्हा करण्याचे ठरविले. त्यावर लेखक, नट, विनोदकार, धर्मोपदेशक अशा विविध मंडळींनी आक्षेप घेतला की, यामुळे कोणत्याही धर्माची चिकित्साच बंद होईल.

३१ जानेवारी २००६ रोजी २८३ विरुद्ध २८२, म्हणजे अवघ्या एका मताने सरकारचा पराभव झाला आणि ‘लॉर्ड्स’नी केलेली दुरुस्ती कायम राहिली. त्या दुरुस्तीतील विवेक लक्षात घेण्यासारखा आहे. धमकीवजा शब्दांनी, द्वेष पसरविण्याच्या हेतूने एखाद्या धर्माच्या माणसांवर चाल केली तर तो गुन्हा. पण त्या धर्माच्या शिकवणुकीवर टीका करणे, तिची टर उडविणे, ती नापसंत करणे हा गुन्हा नाही, असे कायद्याने स्पष्टच लिहिले. जिहादी विचारसरणीचे वाभाडे काढा, तिच्या आधारग्रंथांची चिकित्सा करा; तो अधिकार अबाधित. पण शेजारच्या घरात राहणाऱ्या मुसलमान कुटुंबाला त्या विचारसरणीचा जामीनदार समजून धमकावू नका. आपल्या सार्वजनिक चर्चेत ही रेषा फार लवकर पुसली जाते, आणि पुसणारे दोन्ही बाजूंना आहेत. एक बाजू चिकित्सेलाच द्वेष म्हणते, दुसरी बाजू द्वेषालाच चिकित्सा समजते.

राजीनामा देणारा राष्ट्रवादी

२००८ साली नव्या पंतप्रधानांनी २८ चे ४२ दिवस करण्याचा प्रयत्न केला. ११ जून रोजी ‘कॉमन्स’मध्ये विधेयक ३१५ विरुद्ध ३०६ अशा निसटत्या मतांनी संमत झाले. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचे गृहखात्याचे प्रवक्ते डेव्हिड डेव्हिस यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि याच प्रश्नावर पोटनिवडणूक लढवून ते पुन्हा निवडून आले. हे डेव्हिस कोणी डावे विचारवंत नव्हेत. ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे, तरुणपणी विशेष सैन्यदलाच्या राखीव तुकडीत काम केलेले, गुन्हेगारीबाबत कडक मतांचे. त्यांचे म्हणणे असे की, राष्ट्राभिमान म्हणजे आपल्या राष्ट्राच्या प्राचीन हमीचा अभिमान. ती हमीच विकून सुरक्षा घ्यायची असेल तर रक्षण कशाचे करायचे?

आणि ‘लॉर्ड्स’मध्ये या विधेयकाविरुद्ध आपले पहिलेच भाषण कोणी केले? एलायझा मॅनिंगहॅम-बुलर यांनी. त्या ब्रिटनच्या अंतर्गत गुप्तचर संघटनेच्या, ‘एमआय ५’च्या, माजी प्रमुख होत्या. ७ जुलैचे स्फोट झाले तेव्हा त्याच त्या पदावर होत्या. ऑक्टोबरात ‘लॉर्ड्स’नी ३०९ विरुद्ध ११८ मतांनी ४२ दिवस फेटाळले आणि सरकारने तो नाद सोडला. २०११ मध्ये २८ दिवसांची तरतूदही संपुष्टात आली. मर्यादा पुन्हा १४ दिवसांवर आली.

येथे आपल्यापैकी कोणी विचारील, पुढे काय झाले? दहशतवाद थांबला काय? नाही थांबला. २०१७ साली संसदेच्या दारातच पोलिसाचा खून झाला, मँचेस्टरच्या सभागृहात २२ जण मारले गेले. तरीही कोठडीची मुदत १४ दिवसांचीच राहिली. २०१९ च्या नोव्हेंबरात शिक्षा भोगून मुदतीआधी सुटलेल्या एका दहशतवाद्याने लंडनमध्ये दोघांना ठार केले, तेव्हा मात्र २०२० च्या फेब्रुवारीत त्याच संसदेने अशा कैद्यांची आपोआप होणारी लवकर सुटका थांबविणारा कायदा काही दिवसांत संमत केला. यातील भेद पाहा. गुन्हा सिद्ध झाल्यावर कठोर, सिद्ध होण्याआधी सावध. या भेदाला दुबळेपणा म्हणणे म्हणजे तो न समजणे होय.

आपले घर

आता आपल्याकडे वळू. भारताने दहशतवादाची जी किंमत मोजली आहे, तिच्या तुलनेत ब्रिटनचा अनुभव लहान आहे. १३ डिसेंबर २००१ रोजी आपल्या संसदेवरच हल्ला झाला. त्यानंतर ‘पोटा’चे विधेयक आले. लोकसभेने ते संमत केले, राज्यसभेने फेटाळले आणि २६ मार्च २००२ रोजी संयुक्त अधिवेशन बोलवावे लागले. स्वतंत्र भारताच्या इतिहासातील ते तिसरे संयुक्त अधिवेशन. ४२५ विरुद्ध २९६ मतांनी कायदा झाला. चर्चा झाली, पण सहमती झाली नाही. परिणाम असा की २००४ मध्ये सत्ता बदलताच कायदाही गेला. दहशतवादाविरुद्धचा कायदा एका आघाडीचा असू नये, तो राष्ट्राचा असावा, हा त्याचा पहिला धडा.

दुसरा धडा अधिक कडू आहे. जुलै २००२ मध्ये, कायद्याला चार महिने होतात न होतात तोच, तमिळनाडू सरकारने वायको यांना याच कायद्याखाली अटक केली. ते खासदार होते; ‘पोटा’ आणणाऱ्या आघाडीतील पक्षाचेच नेते होते. एका भाषणासाठी त्यांनी दीड वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढला. तलवार घडवताना ती उद्या कोणाच्या हाती जाईल, हे घडविणाऱ्याने आधी पाहावे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर १७ आणि १८ डिसेंबर या दोन दिवसांत दोन्ही सभागृहांनी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याची दुरुस्ती संमत केली. त्यानुसार आरोपपत्र दाखल होण्यापूर्वी न्यायालयाच्या अनुमतीने १८० दिवसांपर्यंत कोठडी वाढविता येते आणि जामीन अत्यंत दुर्मीळ होतो. आपली न्यायालयीन कोठडी आणि ब्रिटनची पोलीस कोठडी या वेगळ्या गोष्टी आहेत; आकड्यास आकडा लावून तुलना करता येणार नाही. पण एक तुलना करता येते. तेथे १४ चे २८ करताना महिनोन्महिने वाद झाला. येथे ९० चे १८० दोन दिवसांत झाले. ‘टाडा’ आणि ‘पोटा’ यांना निदान मुदत होती, ती संपताना संसदेला विचार करावा लागे. आजच्या कायद्याला मुदतच नाही. ज्याला मुदत नाही त्याचा आढावा घेण्याची सक्तीही कोणावर नाही.

मी हे कायद्याच्या विरोधात बोलत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मसूद अझहर आणि हाफिज सईद यांना व्यक्ती म्हणून दहशतवादी घोषित करता आले, ते योग्यच झाले. माझा आग्रह एवढाच की, कायदा जितका कठोर, तितकी त्याची तपासणीही कठोर हवी.

दोन खटले, दोन निकाल

मुंबईचीच दोन उदाहरणे घ्या. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी घरी परतणाऱ्या चाकरमान्यांनी भरलेल्या पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मारली गेली. तपास संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कठोर कायद्याखाली झाला. त्या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतो. २०१५ साली बारा जणांना शिक्षा झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले; कबुलीजबाब त्याने विश्वासार्ह मानले नाहीत. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत पूर्वदृष्टांत म्हणून वापरू नये, असा आदेश दिला. पण हिशेब मांडून पाहा. एकोणीस वर्षांनंतर, ज्या घरातला कर्ता माणूस गाडीतून परत आलाच नाही त्या घराच्या हाती काय पडले? मानवाधिकार म्हणजे केवळ आरोपीचे हित, असे समजणाऱ्यांनी या घराकडे पाहावे. कच्चा तपास आरोपीवर अन्याय करतोच. मृतांवर तो दुसऱ्यांदा अन्याय करतो.

दुसरा खटला कसाबचा. तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलून त्याला जिवंत पकडू दिले. त्या बलिदानाचे सार्थक न्यायालयात झाले. कसाबला वकील मिळाला, साक्षीदार तपासले गेले, पाकिस्तानातील सूत्रधारांचे संभाषण पुरावा म्हणून आले. २०१० मध्ये विशेष न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, २०१२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी ती अमलात आली. त्याच खटल्यात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले, आणि म्हणूनच कसाबच्या शिक्षेवर जगात कोणाला बोट ठेवता आले नाही. पाकिस्तानला तोंड लपवावे लागले, ते आपल्या न्यायालयाच्या कागदांमुळे.

येरवड्याची आठवण

कसाबला फाशी झाली ती येरवड्याच्या तुरुंगात. या सभागृहातील ज्येष्ठांना येरवडा वेगळ्या कारणाने आठवत असेल. ‘मिसा’ कायदा १९७१ साली राष्ट्राच्या सुरक्षेसाठीच झाला होता. चार वर्षांनी आणीबाणीत त्याच कायद्याखाली देशभरात हजारो राजकीय कार्यकर्ते बिनाचौकशी आत गेले. सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्यात होते. आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका, शेजारी तेथे किंवा नाशिकच्या तुरुंगात होते. घरातली मिळकत बंद, मुलांची शिक्षणे अडलेली, आणि कोणत्या आरोपाखाली ते सांगायला कोणी बांधील नाही.

त्या वेळी मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची दाद मागण्याची वाट खुली ठेवली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती बंद केली. त्या निकालात आधार घेतला गेला तो १९४१ सालच्या एका ब्रिटिश निकालाचा. महायुद्धाच्या काळात मंत्र्याला वाटले की पुरे, कारण विचारायचे नाही, असे तो निकाल सांगत होता. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी एकट्याने त्याला विरोध केला होता. येथे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने केला आणि त्याची किंमत सरन्यायाधीशपद गमावून मोजली. पुढे संसदेनेच चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज केली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निकाल रद्दबातल ठरवला.

मित्रहो, म्हणून माझी विनंती आहे की, मानवाधिकार हा शब्द कोणाला आंदण देऊन टाकू नका. काही मंडळी त्याचा सोयीस्कर वापर करतात, हे खरे आहे. पण ज्या परिवाराने ‘मिसा’ भोगला, त्याचा या शब्दावर इतर कोणाइतकाच हक्क आहे आणि म्हणून जबाबदारीही आहे. तो हक्क आपल्या माणसासाठी मागायचा आणि दुसऱ्याचे नाव वेगळे दिसले की विसरायचा, हे आपल्याला शोभणार नाही.

आपल्या खासदाराला आपण रस्त्याविषयी, पाण्याविषयी विचारतो. यापुढे चार प्रश्न आणखी विचारा. सुरक्षेच्या कायद्यांचा आढावा दर वर्षी सभागृहात का होत नाही? ब्रिटनप्रमाणे त्यावर देखरेख करणारा स्वतंत्र परीक्षक आपल्याकडे का नाही? दहशतवादाचे खटले ठरावीक मुदतीत निकालात निघावेत म्हणून न्यायालये आणि प्रशिक्षित तपास अधिकारी किती वाढविले? आणि वर्षानुवर्षे कोठडीत राहून जो निर्दोष सुटतो त्याच्या, तसेच ज्याच्या खऱ्या मारेकऱ्याचा पत्ताच लागत नाही त्या कुटुंबाच्या नुकसानीचे काय? हे प्रश्न विचारल्याने कोणताही दहशतवादी सुटणार नाही. येरवड्याने दोन्ही प्रकारची माणसे पाहिली आहेत. पुढच्या पिढीत तेथे केवळ कसाबसारखे, पुराव्यानिशी दोषी ठरलेलेच जावेत आणि देवरसांसारखे कोणीही जाऊ नये, याची काळजी घेण्याचे काम संसदेचे आहे. आणि संसदेला जागे ठेवण्याचे काम आपले.